सासूबाई म्हणतात तुम्हाला काटकसर माहीत नाही: पोस्टाच्या एजंटबाईचं उत्तर

प्रश्न आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे टू बीएचके, नवराबायको दोघंही नोकरीला, ४ वर्षांची मुलगी, दोघांचा मिळून पगार चांगला, तरी २५ तारखेनंतर खात्यात काही उरत नाही. सासूबाई नौपाड्यात राहतात, आल्या की फ्रिज उघडून बघतात, कचऱ्याचा डबा बघतात आणि म्हणतात आम्ही एका पगारात दोन मुलं शिकवली, नणंदेचं लग्न लावलं, तुम्हाला काटकसर माहीतच नाही. तर खरंच आमची पिढी उधळी आहे का, नसेल तर पैसा जातो कुठे, आणि सासूबाईंच्या कपाटात पोस्टाची जुनी सर्टिफिकेटं सापडलीत त्यांचं काय करायचं, असं एका मुलीने विचारलंय.

तू माझ्या लेकीच्या वयाची आहेस म्हणून सरळ अगंतुगं करते. मी १९९३ पासून ठाण्यात पोस्टाची महिला एजंट आहे. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना म्हणून १९७२ पासूनची सरकारी योजना आहे, त्यात आम्ही बायका घरोघर जाऊन आरडीचे, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायच्या ठेवीचे, हप्ते गोळा करतो, पोस्टात भरतो आणि त्यावर ४ टक्के कमिशन मिळतं. नौपाडा, कोपरी, किसननगर, लोकमान्य नगर आणि गेली काही वर्षं घोडबंदर, एवढा माझा एरिया. ह्या कामात लोक तुम्हाला हॉलमध्ये बसवून ठेवत नाहीत, बाई स्वयंपाकघरातूनच हाक मारते की आत या हो, आणि मग पैसे कुठून काढले जातात ते डोळ्यांसमोर दिसतं. पूर्वी डाळीचा डबा, गादीखालची पाकिटं, देव्हाऱ्याचा ड्रॉवर, आता फोन. सासू, सून आणि आता नात अशा तिघींची खाती माझ्याकडे असलेली घरं आहेत, म्हणून हे लिहायचा थोडा हक्क आहे असं समजते.

माझं मत सरळ आहे. सासूबाईंनी वाचवलेला पैसा खरा आहे, पण तो त्यांच्या वेळेतून आणि अंगातून निघालेला आहे, आणि त्या वेळेचा हिशोब त्यांच्या घरात कुणी मांडलाच नाही. तुझ्या घरात तो वेळ रोज विकत घ्यावा लागतो आणि त्याची पावती येते. म्हणून तुझं घर खर्चिक दिसतं आणि त्यांचं काटकसरीचं. दोन्ही घरं एका मापाने मोजली तर चित्र बरंच वेगळं निघतं, सगळं तुझ्या बाजूने निघत नाही हेही आधीच सांगते.

माझ्या एका जुन्या खातेदार काकूंची १९८६ची हिशोबाची वही मी हातात घेऊन वाचलीय. लाल पुठ्ठ्याची, रेघा पेन्सिलीने मारलेल्या. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जमेत पहिली ओळ पगार, आणि त्याच्याखाली रद्दी, तेलाचा रिकामा डबा विकला, फॉल लावल्याचे, शेजारणीचे उसने परत आले. खर्चात घासलेट, रेशनची साखर, दळण, ह्यांचा पास, फी, आईंचं औषध, पाहुणे आले म्हणून जास्तीचं दूध. आणि दर महिन्याला न चुकता एक ओळ, पोस्ट २०. अख्ख्या वर्षात काकूंच्या स्वतःच्या नावावर मला एवढंच सापडलं की एकदा चप्पल शिवून आणली आणि दिवाळीला एक साडी, तीही भावाने दिलेल्या पैशात. बाकी त्या वहीत त्या कुठेच नाहीत. वही इतकी नीट होती की आजही कुठलाही अकाउंटंट बघेल तर मान डोलावेल.

आता ह्या वहीच्या मागे काम किती होतं ते बघ. मार्चएप्रिलमध्ये जांभळी नाक्यावरून वर्षाचे गहू-तांदूळ आणायचे, गच्चीत ऊन द्यायचं, निवडायचे, गव्हाला एरंडेल लावून आणि तांदळाला बोरिक पावडर चोळून पिंपात भरायचे. मेमध्ये मिरच्या वाळवून मसाला कुटायच्या डंकावर नंबर लावायचा. पापड, कुरडया, लोणची. रोजची साय साठवून विरजण, लोणी, तूप. सतरा ठिकाणी भाव विचारून संध्याकाळी उशिरा भाजी आणायची कारण तेव्हा उतरते. जुन्या साड्यांच्या गोधड्या, आणि ज्या गोधडीलाही चालणार नाहीत त्या बोहारणीला देऊन पातेलं, त्यातही अर्धा तास घासाघीस. मोठ्याचा शर्ट धाकट्याला, धाकट्याचा झाला की लादी पुसायला. घासलेटच्या रांगेत कार्ड घेऊन उभं राहायचं, गॅसचा नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबलेली घरं मी बघितलीत. हे सगळं कोण करायचं? एकच बाई, आणि तिला पगार नाही, रविवार नाही.

म्हणजे तू आज ऑफिसमधून साडेसातला येऊन पोळ्यांना ताई ठेवतेस, तूप विकत आणतेस, गहू पाच किलोच्या पिशवीत आणतेस, ह्यातली प्रत्येक गोष्ट सासूबाईंना खर्च दिसते, आणि ती आहेच, पण तिच्यामुळे तुझा पगार घरात येतो हेही खरंय. ताईला दिलेले पैसे तुझ्या पगारातून वजा करून बघ, मग उरतं ते तुझं खरं उत्पन्न. पाळणाघर, ट्रेन-रिक्षा, बाहेरचं जेवण हेही त्यातच धर. बऱ्याच मुली हे गणित मांडतच नाहीत, मग दोन पगारांचा आकडा डोक्यात ठेवून खर्च करतात आणि प्रत्यक्षात हातात येतो दीड पगार. तुझ्या प्रश्नातल्या 'पैसा जातो कुठे' चा पहिला तुकडा इथे आहे.

सासूबाईंना काटकसर सुचली कुठून हे पण समजून घे, कारण ती काही त्यांच्या रक्तात नव्हती. त्यांच्या आईच्या पिढीने १९७२चा दुष्काळ बघितला, रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी, खाल्ला. मग जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तो संपलाच नाही म्हणावा असा, आणि गिरणगावातले कितीतरी नातेवाईक कळवा, ठाणे, डोंबिवलीला कुणा ना कुणाच्या खोलीत येऊन राहिले. मग वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्या नव्वदीत एकेक करून आजारी पडल्या, व्हीआरएस, म्हणजे पैसे देऊन स्वेच्छानिवृत्ती, आल्या. चाळीस-पंचेचाळीसचा पुरुष सकाळी नेहमीच्या वेळेला डबा घेऊन निघायचा आणि तलावपाळीला बसून संध्याकाळी घरी यायचा, बायकोला पंधरा दिवसांनी कळायचं, अशी घरं माझ्या यादीत होती. त्या महिन्यांमध्ये आरडीच्या पासबुकावर घर चाललंय. ज्या बाईने हे बघितलं तिला फ्रिजमध्ये सडलेली कोथिंबीर बघून राग येणारच, तो राग तुझ्यावर नसतो गं, तो त्या भीतीतून येतो. आज त्याच वागळेमध्ये आयटी पार्क आहेत, ऐरोली-महापेला काचेच्या बिल्डिंगी आहेत आणि तुझ्यासारखी मुलं तिथे कामाला जातात, तुम्ही लेऑफचे मेसेज वाचता पण पगार तीन महिने बंद म्हणजे काय हे घरात अजून बघितलेलं नाही. बघायची वेळ येऊ नयेच.

आता एक गोष्ट जी सासूबाई कधीच हिशोबात धरत नाहीत. त्यांच्या वेळेला सरकारच बचतीला हात देत होतं. पीपीएफवर, म्हणजे सरकारच्या पंधरा वर्षांच्या भविष्य निर्वाह खात्यावर, १९८६ पासून २०००च्या सुरुवातीपर्यंत १२ टक्के व्याज होतं, आज ७.१ आहे. किसान विकास पत्र १९८८ला आलं तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट व्हायचे, आज त्याच पत्राला ११५ महिने लागतात, म्हणजे ९ वर्षं ७ महिने. तेव्हा महागाईही जास्त होती हे मान्य, त्यामुळे दुप्पट म्हणजे खरोखर दुप्पट नव्हतंच, पण बाईला डोळ्यांनी दिसायचं की मी ५ हजार ठेवले आणि मुलगा पाचवीतून दहावीत जाईपर्यंत १० झाले. बचत करायला तो आनंद लागतो. आणि घर! नौपाड्यातल्या कित्येक जुन्या इमारतींमध्ये लोक पागडीवर राहिले, म्हणजे सुरुवातीला एकदा रक्कम द्यायची आणि मग जुन्या दराचं भाडं, तेही इतकं कमी की विजेचं बिल त्याहून जास्त. त्यांच्या बचतीचा सगळ्यात मोठा हिस्सा हाच होता, घरावर जवळपास खर्चच नाही.

तुझ्याकडे काय आहे ते बघू. तुझा हप्ता किती ते तू लिहिलेलं नाहीस, म्हणून समजायला ६० लाखांचं लोन धरते, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता येतो साधारण ५२ हजार. पहिल्या महिन्याला त्यातले ४२,५०० व्याजात जातात आणि साडेनऊ हजार मुद्दलात. वीस वर्षांत एकूण सव्वा कोटीच्या आसपास भरणार. पण ते साडेनऊ हजार आहेत ना, ती बचत आहे. तुझ्या नावावर (नाव घरावर आहे का ते खाली विचारते) दर महिन्याला तेवढं घर जमा होतंय आणि हा आकडा दरवर्षी वाढत जातो. सासूबाईंना ते दिसत नाही कारण त्याचं पासबुक नाही. देशाचे आकडेसुद्धा हेच सांगतात, २०२०-२१ मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होती कारण करोनात सगळे घरात होते, आणि २०२२-२३ मध्ये ती ५ टक्क्यांवर आली, कित्येक दशकांतली सगळ्यात कमी. पेपरात तेव्हा बोंब झाली की लोक उधळे झाले. पण निव्वळ म्हणजे कर्ज वजा करून, आणि त्या कर्जात घरांची कर्जं मोठी होती, म्हणजे पैसा खात्यातून विटांमध्ये गेला. अर्थात सगळाच गेला नाही, फोनच्या आणि फिरायला जायच्या हप्त्यांचे पैसे कशातच जमा होत नाहीत.

म्हणून माझं उत्तर, तुझी पिढी सरसकट उधळी नाही. पण तुमच्याकडे गळती आहे आणि ती जुन्या पिढीकडे नव्हती, कारण त्यांना पैसा हाताने मोजून द्यावा लागायचा. शंभराची नोट मोडली की दिवसभर ती मोडल्याची बोच असायची. आता दहा मिनिटांत सामान आणणारी ॲप आहेत, एका मुलीच्या घरी मी हप्त्याचं बोलत बसले होते तेवढ्यात दोनदा बेल वाजली, एकदा आलं-लिंबू आणि एकदा आईस्क्रीम, आणि आलं-लिंबू मागवताना डिलिव्हरी फ्री व्हावी म्हणून त्यात चिप्स आणि एक हँडवॉश टाकलेला. तिने मला महिन्याची फोनमधली यादी दाखवली, एकही रक्कम मोठी नाही, १४०, २१२, ८९, ३६०, आणि बेरीज केली तर ती स्वतःच गप्प झाली. किराण्याचं बिल वेगळंच. पूर्वी वाण्याकडे वही असायची, महिन्याला एकदा बेरीज तोंडावर यायची आणि बाईला लाज वाटायची, ती बेरीज आता कुणी करून देत नाही. तुझा पैसा जातोय त्याचा दुसरा तुकडा नक्की इथे आहे, घरी बसून गेल्या ३ महिन्यांची यादी काढ आणि ५०० रुपयांच्या खालचे सगळे व्यवहार एकत्र बेरीज कर. मोठे खर्च आपण विचार करूनच करतो गं.

आता त्या बाजूची एक गोष्ट जी सासवा सांगत नाहीत. जुनी बचत लपवून करावी लागायची. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री ५०० आणि १०००च्या नोटा बंद झाल्या आणि दुसऱ्या दिवशीपासून माझा फोन थांबेना. लोकमान्य नगरच्या एक मावशी, नवरा रिटायर्ड, घरात मुलगा-सून, त्यांनी मला जिन्यात गाठलं. रुमालात बांधलेल्या नोटा, हळदीचा वास येणाऱ्या, काही इतक्या जुन्या घडीच्या की उलगडताना घडीवर फाटत होत्या. वीसेक वर्षांत माहेरून आलेले, ओवाळणीचे, शिवणाचे, भाजीतून वाचवलेले. त्यांना एकच भीती होती, बँकेत भरले तर नवऱ्याला कळेल. सरकारने तेव्हा सांगितलं होतं की गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेची चौकशी होणार नाही, म्हणजे सरकार विचारणार नव्हतं, पण घर विचारणार होतं. आणि विचारलंच. चाळीस वर्षं ज्या बाईने घर चालवलं तिला हॉलमध्ये बसवून 'एवढे आले कुठून' म्हणून विचारलं. त्या मावशींनी तेवढ्याच शांतपणे सांगितलं की तुमच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला जे दिले होते तेही ह्यातलेच होते. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या एकटीच्या नावाने खातं उघडलं. त्या आठवड्यात अशा किती बायकांचे डबे उघडे पडले, आणि बऱ्याच जणींचे पैसे घरच्यांनी भरून घेतले ते परत त्यांच्या हातात आले नाहीत. मला त्याचा अजून राग आहे.

म्हणून 'आमच्या वेळेला बायका घर कसं सांभाळायच्या' हे कुणी कौतुकाने बोललं की मी विचारते, घर कुणाच्या नावावर होतं? २०११च्या जनगणनेत जवळजवळ १६ कोटी बायकांनी मुख्य काम म्हणून घरकाम लिहिलं आणि पुरुषांनी ५८ लाखांच्या आसपास. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये एका अपघाताच्या भरपाईच्या केसमध्ये हेच आकडे दिले आणि सांगितलं की गृहिणीच्या कामाला किंमत धरलीच पाहिजे. २०२३ला मद्रास हायकोर्टाने तर म्हटलं की नवऱ्याने कमावून घेतलेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या बायकोचाही वाटा आहे, कारण तिने घर सांभाळलं म्हणून तो कमावू शकला. तुझ्या सासूबाईंच्या पिढीच्या त्या वहीवर कोर्टाचा शिक्का बसायला एवढी वर्षं लागली. आणि घरातलं काम आजही कुठे वाटलं गेलंय? सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ९७. २०२४ मध्ये बायकांची २८९ आणि पुरुषांची ८८. म्हणजे मिक्सर, वॉशिंग मशीन, पोळ्यांची ताई सगळं येऊन बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली. तुझा नवरा रविवारी पास्ता करत असेल, चांगलंय, पण दूध संपलं, सिलिंडर बुक करायचाय, शाळेचा पांढरा ड्रेस, पेस्ट कंट्रोल, ही यादी कुणाच्या डोक्यात असते ते तुलाच माहीत. आणि माझा अनुभव असा की ती यादी दमलेल्या डोक्यात असते ना, म्हणूनच ॲपवर खर्च होतो. रात्री साडेदहाला आठवतं की उद्या डब्याला काही नाही.

पोळ्यांच्या ताईवरून आठवलं. तुला खरी जुनी काटकसर बघायची असेल तर सासूबाईंकडे नको, तुझ्या ताईकडे बघ. आज माझ्या यादीत सगळ्यात नियमित हप्ते ह्या बायकांचे आहेत. मानपाडा, किसननगर, कळव्याकडून येणाऱ्या, चार-पाच घरच्या पोळ्या करणाऱ्या. ५०० रुपयांची आरडी, भिशीतून मिळालेल्या पैशात ग्रॅमभर सोनं, मुलीचं सुकन्या, मुलगा इंग्लिश मीडियममध्ये. त्या माझ्याकडून पावती घेतल्याशिवाय हलत नाहीत आणि पासबुकाची एंट्री स्वतः बघतात. आपल्या दोन पिढ्यांमध्ये काटकसर कमी झाली असं जे वाटतं त्यातली बरीचशी एका घरातून दुसऱ्या घरात गेलीय, ज्या बाईच्या वेळेवर आपला वेळ वाचतो तिच्या घरात. मग दिवाळीला एक पगार जास्तीचा आणि आजारपणाची सुट्टी न कापता एवढं तरी आपण द्यावं, ह्यात काटकसर करू नये, हे माझं ठाम मत आहे आणि सासूबाईंना आवडणार नाही बहुतेक.

तुझ्याहून लहान, बावीस-पंचविशीची जी मुलं आहेत ती अजून तिसऱ्याच दिशेला चाललीत. माझी भाची वापरलेले कपडे ऑनलाइन घेते, फर्निचर भाड्याने आणलंय, लग्नात स्टीलची भांडी नकोत म्हणून आधीच सांगितलं, आणि दर महिन्याला एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात ठरलेली रक्कम. तिची आजी ह्यातल्या अर्ध्या गोष्टी करायचीच, फक्त भाड्याचं फर्निचर सोडून. ह्या मुलांचं मला बरं वाटतं, एक सोडून, की ती फिरायला आणि कॉन्सर्टला जी रक्कम घालवतात ती हप्त्याने घालवतात. अनुभव घ्यावा, पण आधी जमवून.

आता तू काय करावंस. सासूबाईंकडून अन्नाची काटकसर जशीच्या तशी घे, तिथे त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे, भाजी सडणं म्हणजे पैसे आणि कुणाचीतरी मेहनत दोन्ही सडणं. आठवड्याला एक दिवस फ्रिज रिकामा करायचा, जे उरलंय त्याचीच भाजी, थालीपीठ, त्या दिवशी काही मागवायचं नाही. वर्षाचा मसाला करून घ्या दोघी मिळून, चव आणि पैसा दोन्हीत फायदा आहे आणि एकदाच लागतो. वर्षाचे गहू भरू नका मात्र, तुमच्याकडे गच्ची नाही, जागा नाही, तीन माणसं किती पोळ्या खाणार, दोन-तीन महिन्यांचं धान्य पुरे. तूप घरचं करायचं तर हौसेने कर, पैसे वाचवायला करू नको. जे काम वाचवलेल्या पैशापेक्षा जास्त तुझी झोप खातं ते सोड.

पैशाचं म्हणशील तर पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी आधी बचत बाजूला काढायची, आणि घरखर्चाचं एक वेगळं खातं ठेवायचं, त्यात आठवड्याला ठरलेली रक्कम टाकायची आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडायचं. शुक्रवारी संपले तर सोमवारपर्यंत थांबायचं. एवढ्याने गळती दिसायला लागते. आरडी घे म्हटलं तर मला कमिशन मिळतं हे उघड आहे, तरी सांगते की ५ वर्षांच्या आत लागणाऱ्या पैशाला, म्हणजे शाळेची पुढची ॲडमिशन, घराचं रंगकाम, ती बरी. आजच्या ६.७ टक्क्यांनी महिना हजार भरले तर ६० हप्त्यांनंतर साधारण ७१,३६६ मिळतात, आणि बारा हप्ते झाल्यावर अडचणीला निम्म्यापर्यंत कर्ज निघतं, मोडावी लागत नाही. दहा-पंधरा वर्षांच्या पैशाला एसआयपी चालू असेल तर बंद करू नको. मुलगी ४ वर्षांची आहे तर सुकन्या समृद्धी बघ, २०१५ची योजना, मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं, वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख, १५ वर्षं भरायचं, २१ वर्षांनी पूर्ण, सध्या ८.२ टक्के. त्यात मला काही मिळत नाही.

आणि घराच्या अॅग्रीमेंटवर तुझं नाव आहे का, हप्ता तुझ्या खात्यातून किती जातो, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर कुणाचं नाव, पीएफला आणि इन्शुरन्सला नॉमिनी कोण, हे ह्याच आठवड्यात काढून बघ. लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं असतं आणि तसंच राहतं, नवऱ्याचंही तसंच असतं. भांडण करायला नाही, कागद नीट असावेत म्हणून.

राहिली सासूबाईंची सर्टिफिकेटं. आधी बघ ती कुठल्या पोस्टातून घेतलीत, वर शिक्का असतो, आणि मुदत कधी संपली. मुदतीनंतर त्यावर आधीचा दर चालू राहत नाही, त्यामुळे कपाटात ठेवून काही वाढत नाहीये. मुदत संपून ३ वर्षं उलटली की पोस्ट आता अशी खाती गोठवतं, पैसे बुडत नाहीत पण सोडवायला अर्ज, मूळ सर्टिफिकेट किंवा पासबुक, आधार, पॅन, मोबाइल नंबर आणि बँक किंवा पोस्टाच्या बचत खात्याचा तपशील, म्हणजे कॅन्सल चेक किंवा पासबुकाची कॉपी द्यावी लागते. कागद फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका, तसाच न्या. सही जुळत नाही हे हमखास होतं, वीस वर्षांत म्हातारा हात बदलतो, म्हणून सासूबाईंना स्वतःला घेऊन जा आणि सकाळी लवकर जा, अकराच्या आधी काउंटर मोकळा असतो. सर्टिफिकेट सासऱ्यांच्या नावाचं असेल आणि ते नसतील तर मृत्यू दाखला आणि नॉमिनी कोण ते बघावं लागेल, ते प्रकरण वेगळं, नॉमिनी लावलेला नसेल तर इथेच परत विचार. आणि पैसे आले की ते सासूबाईंच्या एकटीच्या नावाने ठेव, घराच्या लोनमध्ये भरायचा मोह होईल, करू नको.